व्हीगन आहार
मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप, मध इ. सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणाऱ्या आहारास ही संज्ञा आहे. इंग्लंडमध्ये डॉनल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी १९४४ मध्ये ‘व्हीगन सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. ‘व्हेजिटेरिअन’ या इंग्रजी शब्दाची आरंभीची व शेवटची अक्षरे जोडून ‘व्हीगन’ हा शब्द बनविण्यात आला. प्राण्यांविषयीची करुणा, पर्यावरणाचे रक्षण व आरोग्य ही हा आहार स्वीकारण्यामागील प्रमुख कारणे होत. अशा खाद्यपदार्थांसंबंधीचे विनियम भारतात २०२२ मध्ये करण्यात आले असून त्यांत वेष्टनावरील विशिष्ट चिन्हाची तरतूद आहे.

भारतीय शाकाहारात दूध व दुग्धजन्य पदार्थ हे ब१२ जीवनसत्त्वाचे जवळजवळ एकमेव, तर कॅल्शियमाचे एक प्रमुख उद्‌गम असतात. त्यामुळे दूध वगळून बाकीचा आहार पूर्ववत ठेवल्यास तो अपुरा पडतो. वगळलेल्या पदार्थांतील पोषक द्रव्ये अन्य मार्गांनी मिळविणे, हे आहारबदलाचे मुख्य सूत्र होय.

प्रथिने : तृणधान्यांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी, तर डाळी व कडधान्ये यांत ते विपुल असते, उलट कडधान्यांत मिथिओनीन कमी असते. म्हणून ज्वारीची भाकरी व पिठले किंवा भात व वरण ही जोडी परस्परपूरक ठरते. डाळींत सु. २० ते २५ टक्के प्रथिने असतात, तर सोयाबीनमध्ये हे प्रमाण याहून बरेच अधिक असते.

खनिजे : शंभर ग्रॅम नाचणीत सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, तीळ, राजगिरा व सोयाबीन हेही त्याचे चांगले उद्‌गम आहेत. पालकातील कॅल्शियम मात्र ऑक्झॅलेटामुळे फारच थोडे शोषले जाते. धान्ये व कडधान्ये यांतील फायटेटामुळे लोह व जस्त यांच्या शोषणास अडथळा येतो. भिजविणे, मोड आणणे व आंबविणे या क्रियांनी तो कमी होतो. जेवणात लिंबू, आवळा यांसारखे क जीवनसत्त्वयुक्त पदार्थ घेतल्यास लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते घटते. आयोडिनासाठी आयोडीनयुक्त मीठ वापरावे.

मेदाम्ले व ड जीवनसत्त्व : जवस व अक्रोड यांतून ओमेगा-३ गटातील अल्फा लिनोलेनिक अम्ल मिळते, परंतु त्याचे दीर्घशृंखल मेदाम्लांत होणारे रूपांतर मर्यादित असते. ही मेदाम्ले शैवालांच्या तेलातून मिळू शकतात. ड जीवनसत्त्व त्वचेवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशामुळे तयार होते.

ब१२ जीवनसत्त्व : हे जीवनसत्त्व सूक्ष्मजंतू तयार करतात, वनस्पतींत ते विश्वसनीय प्रमाणात आढळत नाही. प्रौढ व्यक्तीस त्याची रोज सु. २ ते २.५ मायक्रोग्रॅम इतकी अल्प गरज असते. यकृतातील साठा काही वर्षे पुरू शकत असल्याने न्यूनता उशिरा लक्षात येते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, स्मृती मंदावणे व रक्तक्षय ही तिची लक्षणे होत. फॉलिक अम्ल भरपूर मिळत असल्यास रक्तक्षय झाकला जातो. तंत्रिकांची हानी मात्र चालूच राहते व ती कायमची होऊ शकते. स्पिरुलिनामधील तत्सम संयुग मानवी शरीरात निष्क्रिय असते. म्हणून ब१२ मिसळलेले खाद्यपदार्थ किंवा गोळ्या नियमितपणे घेणे अनिवार्य आहे. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजंतूंच्या किण्वनाने तयार केले जात असल्याने त्यास प्राणिजन्य पदार्थ लागत नाहीत.

विशेष दक्षता : गर्भवती व स्तनदा मातांमध्ये ब१२ ची न्यूनता असल्यास अर्भकाची वाढ व मेंदूचा विकास खुंटतो, तसेच अर्भकास कंपविकार होऊ शकतो. अशा माता, बालके व वृद्ध यांनी आहारबदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावा. इतरांनीही प्रारंभी व नंतर ठराविक काळाने रक्ततपासणी करून घेणे हितावह असते. योग्य नियोजन व पूरक ब१२ यांची जोड असल्यास निरोगी प्रौढ व्यक्तीच्या पोषणविषयक गरजा या आहारातून भागू शकतात.