दोन शेरांची गोष्ट

कोरेगाव भीमाला माझी थोरली बहीण राहते. तिच्या थालीपिठाच्या भाजणीचे भोवतालच्या घरांत मोठे कौतुक. यंदा भाचीने मनावर घेतले आणि बचत गटातर्फे भाजणीची पाकिटे विकायचे ठरवले. दर खेपेला चव तीच यायची, तर कृती वजनात हवी. अक्काची कृती मात्र मापट्यात: बाजरी चार मापटी, ज्वारी दोन, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ एकेक आणि धने एक चिपटे.

"मामा, तुमची हयात बँकेत गेली. एवढा हिशेब करून द्या," भाची म्हणाली.

मला काय, घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले कोष्टक तोंडपाठ! दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेर म्हणजे ऐंशी तोळे, म्हणजे ९३३ ग्रॅम. १९५६च्या कायद्याने किलोग्रॅम आला आणि १९६२ पर्यंत शेराची वजने बाजारातून गेली, हेही मी ऐकवले. पाच मिनिटांत कागद तयार झाला. बाजरी १८६६ ग्रॅम, धने २३३.

पहिल्या मागणीसाठी दुप्पट प्रमाण घेतले. जवळजवळ नऊ किलो धान्य भाजून दळून आणले. पहिले थालीपीठ तव्यावरून उतरले आणि सगळे गप्प झाले. धन्याशिवाय कसली चवच लागेना. भाचीचे डोळे भरून आले. पैसे गटातल्या बायकांचे होते.

अक्काने माझा कागद वाचून घेतला आणि म्हणाली, "अरे, शेर दोन असतात. एक तागडीचा, एक मापाचा. तू मापाचा शेर तागडीत घातलास!"

मग तिचे पितळी मापटे आणि भाचीचा वजनकाटा शेजारी ठेवला. मापटेभर बाजरी ४०० ग्रॅम भरली, मापटेभर धने अवघे १६०. म्हणजे चिपटेभर धने ८० ग्रॅम. मी त्याच्या जवळजवळ तिप्पट लिहिले होते! धने पोकळ आणि हलके, दाण्यादाण्यांत हवा. २४० मिलिलिटरच्या वाटीत साखर २०० ग्रॅम मावते, तर कणीक १२०च्या आसपास. म्हणून मापाचे वजन करायचे तर प्रत्येक जिन्नस वेगळा तोलायला हवा, तोही भाजण्यापूर्वी. कारण भाजल्यावर दाणा फुलतो आणि हलका होतो.

जुन्या बायकांचे कधी अडले नाही, कारण सगळे जिन्नस एकाच मापाने घेतले जात. मापटे लहानमोठे असले तरी प्रमाण तेच राही. आणखी एक गोष्ट म्हणजे शीग. अक्का डाळी सपाट भरते, बाजरी मात्र शिगोशीग. म्हणून तिनेच भरायचे आणि आम्ही तोलायचे, असे ठरले. तिचा हात आता कापतो. प्रत्येक जिन्नस तीनदा तोलून सरासरी काढली. भाचीने आकडे वहीत उतरवले.

"बिघडलेल्या पिठाचे काय?" मी विचारले.

अक्काने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले. "यात धने न घालता आणखी दीडपट दाणे भाजून मिसळा. फुकट काही जात नाही."

रात्री मी कागदावर ताळा करून पाहिला. उत्तर दीडपटच आले.