डोळे नसलेला कागद रडतो कसा?

'फॉर्च्युन' मासिकाचे कला-संचालक लिओ लिओनी एकदा दोन लहान नातवंडांना घेऊन न्यूयॉर्कहून रेल्वेने घरी निघाले होते. मुलांनी डबा डोक्यावर घेतला. लिओनींनी जवळची 'लाइफ' मासिकाची पानं काढली, त्यांतून निळे, पिवळे, हिरवे तुकडे हातानेच फाडले, मांडीवरच्या ब्रीफकेसचा रंगमंच केला आणि गोष्ट सुरू केली. तीच गोष्ट १९५९ मध्ये 'लिटल ब्लू अँड लिटल यलो' या नावाने छापून आली. पन्नाशीला टेकलेल्या लिओनींचं मुलांसाठीचं ते पहिलं पुस्तक.

छोटा निळा आणि छोटा पिवळा जिवलग दोस्त. एक दिवस निळा पिवळ्याला शोधत सुटतो. तो सापडताच दोघे कडकडून मिठी मारतात आणि मिळून हिरवे होतात. खेळून दमल्यावर तसेच हिरवे घरी जातात. निळ्याचे आईबाबा म्हणतात, हा आमचा नाही. पिवळ्याचेही तेच म्हणतात. मग रडू फुटतं. निळी आसवं, पिवळी आसवं. इतकी, की शेवटी नुसती आसवंच उरतात. ती आसवं गोळा होतात, आणि पुन्हा एक निळा आणि एक पिवळा उभा राहतो.

या तुकड्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. फाडताना कडा जशा आल्या तशाच ठेवलेल्या. तरीही घरच्यांनी नाकारलेला तो हिरवा ठिपका बघून आपल्या घशात आवंढा येतो. कागदाच्या कपट्यात एवढं दुःख आलं कुठून?

याचं एक उत्तर त्याआधी पंधरा वर्षं, १९४४ मध्ये, दोन मानसशास्त्रज्ञांनी देऊन ठेवलं होतं. अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजमध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी पुठ्ठ्याचे आकार कापले आणि ते जरा जरा सरकवत एक छोटी फिल्म तयार केली. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारा एक चौकोन, एवढाच तिचा संसार. पहिल्या गटातल्या ३४ जणांना सांगितलं, चित्रात काय घडलं ते लिहा. फक्त एकाने भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना भांडण दिसलं, पाठलाग दिसला, दांडगाई करणारा मोठा त्रिकोण आणि भेदरलेलं वर्तुळ दिसलं. चेहरा कुणालाच नव्हता. होतं ते अंतर, वेग, कोण कुणाच्या किती जवळ गेलं आणि कोण मागे हटलं. भावना ओळखायला माणसाला तेवढं पुरतं! हे मला फार विलक्षण वाटतं.

म्हणून भावनांच्या चित्रपुस्तकाला कागदकामाची जोड द्यायची, तर पुस्तकातल्या पात्राचा मुखवटा रंगवून थांबू नये. तो मुखवटा भिंतीवर छान दिसतो, पण ती त्या पुस्तकाची आठवण झाली. मनात जी क्रिया घडते तीच कागदावर घडली पाहिजे: मिसळणं, लपणं, एकटं पडणं, परत येणं.

लिओनींच्या गोष्टीसाठी निळा आणि पिवळा जिलेटिन कागद आणा. निळा फिकट घ्या, गडद निळ्यातून हिरवा नीट उमलत नाही. हा कागद हाताने धड फाटत नाही, त्यामुळे बोथट टोकाची कात्री लागेल. दोन वेडेवाकडे गोळे कापा, खिडकीच्या काचेवर धरा आणि एकमेकांवर सरकवा. हिरवा! रंग कुणीच लावलेला नाही. पिवळा कागद उजेडातला निळा भाग अडवतो, निळा कागद तांबडा भाग अडवतो आणि दोघांच्या तावडीतून सुटून आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः हिरवा. आता तुकडे अलग करा. हिरवा गेला, निळा निळाच आहे, पिवळा पिवळाच. जलरंगांत हे जमत नाही, एकदा कालवलेला हिरवा पुन्हा सोडवता येत नाही. जिलेटिनमध्ये मात्र मिठी मारताही येते आणि सोडवताही येते. बालवाडीच्या दारात आईचा पदर न सोडणाऱ्या पोराच्या हातात हे दोन तुकडे देऊन बघा. जवळ येणं आणि दूर होणं त्याला हवं तितक्या वेळा स्वतःच्या बोटांनी करून पाहता येतं.

भीतीसाठी एड एम्बर्ली यांचं 'गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!' (१९९२) बघावं. पानांना भोकं पाडलेली आहेत. आधी फक्त पिवळे डोळे दिसतात, मग पानागणिक नाक, तोंड, दात येत जातात आणि पुस्तकाच्या मध्यापासून मूल दटावेल तसा राक्षस एकेक अवयव गमावत नाहीसा होतो. काळ्या कागदाला भोकं पाडून घरीही हे करता येतं.

रागाकडे जाताना मॉली बँग यांचा हात धरावा. 'पिक्चर धिस' (१९९१) या पुस्तकात त्यांनी लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट निव्वळ कापलेल्या कागदांनी उभी केली. मुलगी म्हणजे एक छोटा लाल त्रिकोण. जंगल म्हणजे उभ्या पट्ट्या. त्यांतल्या काही तिरप्या केल्या की लगेच धाकधूक सुरू होते. लांडगा म्हणजे काळे, टोकदार त्रिकोण. तीच टोकं गोल करा, लांडग्याचा दरारा ओसरतो. त्याचा डोळा मुलीच्या लालमधूनच कापला की नजर त्या दोघांना एका अदृश्य धाग्याने बांधते. सोफी नावाच्या चिडलेल्या मुलीचं त्यांचं प्रसिद्ध चित्रपुस्तक यानंतर, १९९९ मध्ये, आलं.

तर काळा, लाल आणि एखाद्या शांत रंगाचा घोटीव कागद घ्या, खाली पांढरा कागद अंथरा. मुलाला चेहरा काढायला सांगू नका. विचारा: सकाळचा तुझा राग केवढा होता? त्याला टोकं होती का? तू त्याच्या आत होतास, की बाजूला? आणि डिंकाची बाटली दूर ठेवा. चिकटवलेला राग जागचा हलत नाही. नुसता ठेवलेला सरकवता येतो, दुमडता येतो, त्याची टोकं कात्रीने गोल करता येतात. मुलाने स्वतःचा तुकडा पार कोपऱ्यात ठेवला, तर तो मध्ये आणायची घाई तुम्ही करू नका. एक कागद स्वतःसाठीही घ्या. आईचा राग कसा दिसतो, असं त्याने विचारलं तर कापून दाखवता आला पाहिजे.