यूनिक्स व प्रयोगशील संगीत

संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणारे कार्यक्रम यांची सांगड घालणाऱ्या मूलभूत कार्यक्रमसमूहास परिचालन प्रणाली म्हणतात. यूनिक्स ही अशी एक प्रणाली होय. ज्या संगीतात रचनाकार तयार बंदिश न देता एखादी कार्यपद्धती ठरवून देतो आणि तिची निष्पत्ती काय होईल हे त्याला आधी पूर्णपणे ठाऊक नसते, त्यास प्रयोगशील संगीत म्हणतात. वरवर पाहता ही दोन क्षेत्रे परस्परांपासून दूरची वाटतात. तथापि एकाच व्यक्तीने दोहोंचा व्यासंग केल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. लहान व स्वतंत्र घटक हवे तसे जोडून नवी निर्मिती साधण्याची रीत दोहोंत समान आहे, हे त्याचे एक कारण होय. या दोन व्यासंगांचा समतोल हा केवळ वेळेच्या वाटणीचा प्रश्न नाही. संगीताचा कोणता भाग चिन्हांत मांडून यंत्राकडे सोपविता येतो आणि कोणता भाग कानाकडेच ठेवावा लागतो, हा त्यातील मुख्य प्रश्न होय.

उगम : या दोन्ही प्रवाहांचे एक उगमस्थान अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज ही संशोधनसंस्था आहे. तेथील अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये लिहिलेल्या कार्यक्रमाने आयबीएम ७०४ या संगणकाकरवी १७ सेकंदांची स्वररचना निर्माण केली. संगणकाने ध्वनितरंगाचे लागोपाठचे अंक काढावयाचे व त्या अंकांचे विद्युत्‌दाबात आणि पुढे ध्वनीत रूपांतर करावयाचे, हे त्यामागील तत्त्व आजही कायम आहे. याच संस्थेत १९६९ मध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी यूनिक्सची उभारणी सुरू केली. १९७३ मध्ये ती प्रणाली सी या भाषेत नव्याने लिहिली गेली आणि त्यामुळे ती निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांवर नेणे सुकर झाले.

डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मधील एका टिपणात, बागेतील रबरी नळीचे तुकडे जोडावेत तसे कार्यक्रम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असे सुचविले होते. ही कल्पना १९७३ मध्ये यूनिक्समध्ये ‘पाइप’ म्हणजे नळी या नावाने प्रत्यक्षात आली. एका कार्यक्रमातून बाहेर पडणारी माहिती नळीवाटे दुसऱ्यात जाते व दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक कार्यक्रमाने एकच काम करावे, पण ते नीट करावे, हा या प्रणालीचा दंडक होय. संगीताच्या क्षेत्रातही त्याच सुमारास असाच विचार रूढ होत होता. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग संश्लेषकाचे ध्वनिदालन उभारून दिले. त्या संश्लेषकात स्वरोत्पादक, गाळणी, विवर्धक इ. सुटे भाग तारांनी हवे तसे जोडून ध्वनी घडविला जाई. तारांचे ते जाळे आणि यूनिक्समधील नळ्या यांतील साम्य उघड आहे.

कार्यपद्धती : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संगणकीय ध्वनिकेंद्रात एफ्. रिचर्ड मूर व त्यांचे सहकारी यांनी नळ्यांचा उपयोग थेट ध्वनीसाठी केला. एका कार्यक्रमाने ध्वनीचे नमुने वाचावयाचे, दुसऱ्याने ते गाळावयाचे, तिसऱ्याने त्यांत प्रतिध्वनी मिसळावयाचा, अशी तेथील रीत होती. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत बॅरी व्हर्को यांनी १९८६ मध्ये सी भाषेत रचलेल्या सीसाउंड या प्रणालीत वाद्यांचे वर्णन आणि स्वरलिपी ही दोन्ही साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिली जातात. १९९१ मध्ये लिनुस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्स हा यूनिक्ससदृश गाभा प्रसिद्ध केला व अशी साधने घरगुती संगणकावर विनामूल्य उपलब्ध झाली. मिलर पकेट यांची प्युअर डेटा व जेम्स मॅकार्टनी यांची सुपरकोलायडर या १९९६ मधील प्रणालीही पुढे लिनक्सवर चालू लागल्या. साध्या मजकुरात लिहिलेली रचना कोणत्याही एका कंपनीच्या यंत्रावर अवलंबून राहत नाही, ती वाचता येते, दुरुस्त करता येते व दुसऱ्यास देता येते. प्रयोग करणाऱ्या संगीतकारास यूनिक्सचे आकर्षण वाटते ते मुख्यत्वे यामुळे.

स्वरलेखन व मजकूर : महाराष्ट्रातील वाचकास ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) आणि विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) या दोघांनी कंठपरंपरेने चालत आलेल्या बंदिशी देवनागरी अक्षरांत उतरविण्याच्या पद्धती घडविल्या. अक्षरांत लिहिलेला स्वर हा यूनिक्सच्या दृष्टीने मजकूरच होय. उदा., भूप व देशकार या दोन रागांत सा, रे, ग, प, ध हे तेच पाच स्वर येतात. परंतु भूपात गंधार वादी व धैवत संवादी, तर देशकारात धैवत वादी व गंधार संवादी मानतात. दोन्ही रागांच्या स्वरलिपी संगणकात भरल्या, तर पहिला कार्यक्रम प्रत्येक स्वर स्वतंत्र ओळीवर मांडतो, दुसरा त्या ओळी क्रमाने लावतो, तिसरा सारख्या ओळी एकत्र करून त्यांची संख्या देतो व चौथा संख्येनुसार उतरता क्रम लावतो. चार लहान कार्यक्रम नळ्यांनी जोडले की कोणत्या रागात कोणत्या स्वराचा भर अधिक आहे, हे काही क्षणांत कळते. सुट्या स्वरांऐवजी लागोपाठच्या दोन वा तीन स्वरांचे गट घेतल्यास रागाची चालही काही अंशी हाती लागते.

देवनागरी मजकूर अशा प्रकारे हाताळण्याचा मार्ग सुकर होण्यात पुण्याचा वाटा आहे. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिपींचे तंत्र पुढे विकसित केले. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली त्याच काळात रूढ झाली. पुढे जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड ही प्रणाली आली. ती यूनिक्सच्या जुन्या कार्यक्रमांशी जुळवून घेणारी यूटीएफ-८ ही लेखनरीत १९९२ मध्ये टॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासमवेत आखली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘रे’ या स्वराक्षरात व्यंजन व मात्रा अशी दोन चिन्हे असल्याने चिन्हाचिन्हाने मजकूर तोडणाऱ्या कार्यक्रमास ते एक अक्षर म्हणून ओळखता येत नाही. स्वरांमध्ये मोकळी जागा सोडून लिहिल्यास ही अडचण दूर होते.

पुणे येथील कार्य : संगणकशास्त्र व संगीत यांचा मेळ घालणाऱ्या संशोधकांत प्रा. हरी वासुदेव सहस्रबुद्धे यांचे नाव महत्त्वाचे आहे. आयआयटी कानपूर येथील अध्यापनानंतर ते पुणे विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. ग्वाल्हेर घराण्याच्या ख्यालगायिका वीणा सहस्रबुद्धे (१९४८–२०१६) या त्यांच्या पत्नी होत. हिंदुस्थानी संगीताचे विश्लेषण व संश्लेषण यांवरील १९९२ मधील कार्यात त्यांनी रागाचे रूप मर्यादित अवस्थांच्या यंत्राने मांडले. एका स्वरावरून कोणत्या स्वरावर जाता येते व कोणत्या नाही, याचा तो एक प्रकारचा नकाशाच होय. त्या नकाशावरून संगणकाने नव्या स्वरावली तयार केल्या व त्या रागनियमांत बसणाऱ्या होत्या. याच विचाराचा पुढील टप्पा २००३ मध्ये आयआयटी कानपूर येथील ‘तानसेन’ या रागओळख प्रणालीत दिसतो. यमन कल्याण व भूप या दोन रागांचे नमुने ओळखताना केवळ स्वरक्रमाच्या संभाव्यतेवर अवलंबून सुमारे ७७ टक्के यश आले. रागाची पकड शोधण्याची जोड दिल्यावर ते सुमारे ८७ टक्क्यांवर गेले. रागाची ओळख स्वरांच्या बेरजेपेक्षा विशिष्ट स्वरसमूहांत अधिक असते, ही गवयांची धारणा येथे आकड्यांत दिसते.

दुसरे उदाहरण बेर्नार बेल या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञांचे आहे. त्यांनी जेम्स किपेन यांच्यासह १९८० नंतरच्या दशकात तबल्याच्या कायद्यांचे व्याकरण मांडणारी ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली रचली. संगणकाने तयार केलेले पलटे लखनौच्या तबलावादकांपुढे ठेवावयाचे, त्यांनी नाकारलेल्या पलट्यांवरून व्याकरण सुधारावयाचे आणि पुन्हा पलटे काढावयाचे, अशी ही पद्धत होती. येथे यंत्र रचना सुचविते, परंतु निवाडा उस्तादांचा राहतो. या प्रणालीतील लयलेखनाचा प्रभाव पुढे ॲलेक्स मॅक्लीन यांच्या टायडलसायकल्स या प्रणालीवर पडला. श्रोत्यांसमोर आज्ञा लिहीत संगीत घडविणारे कलावंत तिचा वापर करतात. म्हणजे तबल्याच्या बोलांचा विचार व मजकुरातून संगीत घडविण्याची रीत या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

बेल यांनीच पुढे पुण्यातील एका वेगळ्या कार्यास हातभार लावला. हेमा राईरकर (निधन २०१०) व गी पॉइटव्हाँ (निधन २००४) यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या होत्या. बेल यांनी त्या मजकुराची संगणकीय सूची उभारण्यात व ओव्यांचे ध्वनिमुद्रण करण्यात भाग घेतला. हा संग्रह २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहातून प्रसिद्ध होत आहे. विषयवार शोध घेण्यास लिखित ओवी पुरेशी होते. पण दळणाऱ्या बाईचा दम कोठे लागतो, जात्याच्या फेऱ्याबरोबर ओळ कशी वळते, हे ध्वनिमुद्रणावाचून कळत नाही. म्हणून दोन्ही एकत्र ठेवावी लागली.

मर्यादा : चिन्हांत न मावणारा भाग हिंदुस्थानी संगीतात मोठा आहे. भातखंडे पद्धतीत मींड स्वरांवरील कमानीने व कणस्वर लहान अक्षराने दाखवितात. ही चिन्हे ओळीत मांडता येत नसल्याने साध्या मजकुरात त्यांसाठी वेगळे संकेत ठरवावे लागतात. संकेत ठरविले, तरी मींड केव्हा सुरू झाली, तिचा वेग किती, ती कोठे रेंगाळली, हे त्यात येत नाही. दरबारी कानड्यातील कोमल गंधाराचे आंदोलन ‘ग’ या अक्षराने सूचित होते, व्यक्त होत नाही. स्वरांचे सूक्ष्म मापन करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात संगणकाच्या फार पूर्वी झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या सहकार्याने श्रुतींची मोजमापे करून १९१० मध्ये त्यांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या मापनावर आधारलेल्या श्रुतिपेटीविषयी वाद झाले. आज कंप्रतेचा आलेख सेकंदाच्या शतांशाने काढता येतो. तरी त्यातील कोणते वळण रागाचे व कोणते गळ्याच्या सवयीचे, हे आलेख स्वतः सांगत नाही.

दुसरी मर्यादा काळाची आहे. अनेकांना एकाच संगणकाचा वाटून वापर करता यावा, हा यूनिक्सच्या घडणीमागील एक हेतू होता. संगीताला मात्र ठरल्या क्षणी ध्वनी हवा असतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले व एका वेळी २५६ नमुन्यांवर प्रक्रिया केली, तर सुमारे ५·३ मिलिसेकंदांचा विलंब होतो; १,०२४ नमुने घेतल्यास तो सुमारे २१ मिलिसेकंदांवर जातो व द्रुत लयीत वाजविणाऱ्यास खटकू लागतो. कामे ठरल्या वेळेतच उरकण्याची हमी देणारी पूर्ण व्यवस्था लिनक्सच्या मुख्य गाभ्यात २०२४ मध्ये समाविष्ट झाली.

समतोल : या क्षेत्रात काम करणाऱ्याचा वेळ साधने घडविण्यात व जुळविण्यात सहज जातो. कार्यक्रम चालला की नाही हे लगेच कळते. स्वर लागला की नाही हे कळण्यास तयार कान लागतो व तो रियाझानेच होतो. वर दिलेल्या उदाहरणांत संगणकाची कामगिरी फलदायी ठरली, तिचे एक कारण म्हणजे शेवटचा निवाडा गायक, वादक वा ओवी म्हणणारी बाई यांच्याकडे राहिला. मोजणे, क्रम लावणे, शोधणे व न कंटाळता पर्याय सुचविणे ही कामे यूनिक्सच्या रीतीने उत्तम होतात. सुचविलेल्या पर्यायांतून एखादा स्वीकारणे व उरलेले टाकून देणे हे मात्र संगीतकाराचेच काम राहते.