दडविलेलें पान

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला वाचक समलिंगी आकर्षणाविषयींही प्रश्न विचारीत. अशीं प्रश्नोत्तरें छापल्याबद्दल १९३४ सालीं मुंबईंत अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला. २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ सालीं कर्व्यांचें निधन होईपर्यंत चाललें.

वाचकांची ही गरज कोणती? किकवीसारख्या गांवीं एका स्त्रीचें दुसरीवर मन जडलें, तर तिनें तें सांगावें कोणाला? घरांत त्यास शब्दच सांपडत नाहीं. अशा वेळीं विजय तेंडुलकरांचें १९८१ चें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक हातीं आलें, तर आपण एकट्या नाहीं हें तिला कळतें. पुस्तक दडविल्यानें मन पालटत नाहीं. एकटेपण तेवढें वाढतें. म्हणूनच वाचक दडविलेलें पान शोधीत राहतो.