फवारणीची विषबाधा : चौथा दिवस उलटेपर्यंत घाई नको

ऑक्टोबर छाटणी झाली की वणी परिसरात ब्लोअर सुरू होतात. कोणतं औषध किती पाण्यात, हे विचारायला तुम्ही आमच्याकडे येता. पण फवारणारा माणूसच बागेत कोसळला तर काय करायचं, हे कोणी विचारत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसएक माणसं दगावली.

डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस, दरदरून घाम, धाप, ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांची लक्षणं. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. मिठाचं पाणी पाजू नका. थेट नाशिक गाठण्यापेक्षा जवळच्या सरकारी दवाखान्यात ॲट्रोपिन सुरू करून पुढे गेलेलं बरं. औषधाची बाटली मात्र सोबत न्याच. टाकीत तीन औषधं कालवली असतील तर तिन्ही. कारण प्रत्येक विषाचा इलाज वेगळा. पॅराक्वाट या तणनाशकाला तर उताराच नाही, त्यात सुरुवातीला ऑक्सिजनसुद्धा हात राखून देतात.

अतिदक्षता विभागात छातीतली खरखर थांबेपर्यंत ॲट्रोपिन पुन्हा पुन्हा देतात. त्याने रुग्ण बडबडतो, चादर ओढतो. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टरनं येडा केला!" मात्रा कमी केली की ते थांबतं.

खरी फसगत पुढे आहे. आमच्या ओळखीचा एक मजूर तिसऱ्या दिवशी उठून चहा प्यायला. घरच्यांनी डॉक्टरांचं न ऐकता सही करून त्याला घरी आणलं. रात्री त्याला उशीवरून मान उचलेना, मग श्वास अडकू लागला. परत नेला, आठ दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला, पण थोडक्यात. विष घेतल्यावर एक ते चार दिवसांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू असे ढिले पडू शकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये याची नीट नोंद केली. या अवस्थेत ॲट्रोपिनचा उपयोग होत नाही, यंत्राने श्वास देत स्नायूंत ताकद येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून 'मान उचलतोय का?' हे रोज डॉक्टरांना विचारा.

खर्चाची धास्ती असेल तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे दाखल करतानाच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बाटलीबरोबरच पिशवीत टाका.