‘ट्रॅक आहे ना तिकडे!’

सकाळच्या गर्दीत मागून हॉर्न वाजतो, गाडीची काच खाली येते आणि हे वाक्य कानावर आदळतं. ट्रॅक आहे, हे खरंच. डाव्या हाताला, फुटपाथला चिकटून, तांबड्या पेव्हर ब्लॉकचा. मी त्यावरून का जात नाही, हे गाडीतून दिसत नाही. ते सायकलच्या सीटवर बसल्याशिवाय कळत नाही.

पावसाळा सरता सरता एकदा ठरवलंच, की रोजच्या रस्त्यावरचा तो ट्रॅक न उतरता पार करायचा. पहिल्याच सोसायटीच्या फाटकापाशी ट्रॅक एकदम खाली गेला आणि लगेच वर आला. मोटारीला सपाट आत शिरता यावं म्हणून तो तिथे कापला होता. पुढच्या फाटकाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मग विजेचा डीपी, मग बसथांबा, मग स्कूटर शिरू नयेत म्हणून रोवलेले खांब. त्या खांबांमधून हँडल जेमतेम निघालं. अपंगांची तीनचाकी तर अडकलीच असती. पुढे एका सुट्या ब्लॉकवर चाक आलं. त्याचं एक टोक दबलं, दुसरं उचललं आणि खालचं गढूळ पाणी पोटरीपर्यंत उडालं. आणि चौक वीस पावलांवर आला असताना ट्रॅक संपला. जिथे डावीकडे वळणाऱ्या गाड्या अंगावर येतात, जिथे सायकलवाल्याला खरा आधार हवा, नेमकं तिथेच.

या सगळ्याला आपण सरसकट ‘ढिसाळ काम’ म्हणतो. मला ते पटत नाही. ढिसाळपणा कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. इथे मात्र सायकल आणि मोटार समोरासमोर आली, की उतरायचं, थांबायचं, वळसा घालायचा तो दर वेळी सायकलनेच. कोपनहेगनमध्ये अनेक छोट्या गल्ल्यांच्या तोंडाशी फुटपाथ आणि सायकलमार्ग सलग, एका पातळीत पुढे जातात. चढ चढावा लागतो तो मोटारीला. बर्फ पडलं की तिथले मुख्य सायकलमार्ग प्राधान्याने साफ होतात. प्रश्न पैशांचा नंतर येतो. आधी ठरतं ते हे, की चढ कुणाच्या वाट्याला.

नियम आपल्याकडेही आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकच्या आखणीची पुस्तिका १९६२ सालीच काढली आणि २०१५ मध्ये ती सुधारली. रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे, माणसांना मिळावी, असं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्ये म्हटलं. त्याच वर्षाअखेर पुण्यात बीआरटी ही जलद बससेवा सुरू झाली आणि सातारा रस्ता, सोलापूर रस्ता यांच्या कडेने सायकल ट्रॅक आले. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याने २०१७ मध्ये शहरभराच्या जाळ्याचा सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. आता याच शहरात ‘दुचाकी’ म्हटलं की कुणालाही स्कूटरच आठवते. सायकलला चाकं दोनच असतात, हे शब्दसुद्धा विसरला.

आखणीत जे उरतं, ते देखभालीत जातं. मुख्य रस्त्याचं डांबर यंत्राने अंथरलं जातं, ट्रॅकवर हाताने ब्लॉक बसतात. केबल टाकायची असो वा पाण्याची वाहिनी, डांबर फोडण्यापेक्षा ब्लॉक उचलणं सोपं. म्हणून खोदाई तिथेच. चर भरताना माती नीट दाबली नाही, की पहिल्याच पावसात ती बसते आणि वरचे ब्लॉक हलू लागतात. रस्ता झाडताना खडी, काचा, वाळू कडेला लोटली जाते, आणि कडेला असतो ट्रॅक. राडारोड्याचे ढीगही तिथेच, कारण तिथे टाकल्याने मोटारींची रांग लागत नाही. चारचाकीला असल्या खाचखळग्यांतून सस्पेन्शन सांभाळून नेतं. सायकलवाल्याचं सस्पेन्शन म्हणजे त्याची मनगटं आणि कंबर. डांबरातला खड्डा निदान बातमीत तरी येतो.

आणि ओस ट्रॅक हाच पुढे त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कोट्यवधी खर्चून ट्रॅक झाले, त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि २०२५ मध्ये तेच काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. सायकली दिसत नाहीत, असं म्हणतात. मला राग येतो तो इथे. चालवता येणार नाही असा मार्ग बांधायचा, मग कुणी चालवत नाही म्हणून तो काढून घ्यायचा!

रात्रपाळी संपवून घरी निघालेले एक वॉचमनकाका मला त्या चौकात बरेचदा भेटतात. मागच्या कॅरिअरला डबा बांधलेला, पुढे दोरीने अडकवलेली बॅटरी. ट्रॅकवरून का जात नाही, म्हणून मीही त्यांना विचारलं.

‘‘गेलो होतो ताई. एका आठवड्यात दोनदा पंक्चर. तिथे काचा कोण उचलतंय?’’

सिग्नल सुटला. काकांनी एक पाय पेडलवर ठेवला, मागून आलेली बस पुढे जाऊ दिली आणि बसच्या मागोमाग, रस्त्याच्या अगदी कडेने, ते निघून गेले. ट्रॅकवर कुणाची तरी मोटार उभी होती, पार्किंगचे दिवे लुकलुकत.