मनगटाची कुजबूज

परवा कॉलेजात एक विद्यार्थी माझ्यासमोर येऊन बसला. वडिलांची नोकरी सुटलेली. शिक्षण सोडावे की काय, हा त्याचा प्रश्न. तो बोलत असतानाच माझ्या मनगटावर बारीक थरथर झाली आणि नजर घड्याळाकडे गेली. वीजबिल भरल्याची पोच होती ती! पोरगा मात्र चटकन उठला. "सर, तुम्हांला घाई दिसते. उद्या येतो," म्हणाला नि गेला.

पाहुण्यांसमोर घड्याळ पाहणे म्हणजे 'आता निघा' म्हणणे, हे आईने लहानपणीच शिकवले होते. हे स्मार्टवॉच चिरंजीवांनी हौसेने दिलेले. त्या रात्री मी त्याच्या पूर्वजांची चौकशी करीत बसलो, तेव्हा मोठी गमतीची हकीकत हाती लागली.

एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी १९६१ साली अंगावर बाळगायचा संगणक बनवला. कशासाठी म्हणाल? रूलेटच्या जुगारात जिंकण्यासाठी! यंत्र सिगारेटच्या पाकिटाएवढे, आत १२ ट्रान्झिस्टर. एकाने चक्राजवळ उभे राहून, चक्र आणि चेंडू खुणेपाशी आले की बुटात दडवलेली कळ पायाच्या अंगठ्याने दाबायची. यंत्र त्यावरून वेग ताडून दुसऱ्याच्या कानात सूर धाडी. चक्राचे आठ भाग, तसे सूरही आठ; शेवटी ऐकू येईल त्या सुराच्या भागावर पैसे लावायचे. ४४ टक्के फायद्याचा हिशेब होता!

दोघे सपत्नीक लास व्हेगासला गेले. घात केला तो केसासारख्या बारीक तारांनी. त्या सारख्या तुटत. एकदा तर शेजारची बाई थॉर्पकडे भेदरून पाहू लागली. त्यांच्या कानातला इवलासा स्पीकर किड्यासारखा बाहेर डोकावत होता! अखेर बेत गुंडाळला गेला, आणि १९६६पर्यंत ही गोष्ट गुपितच राहिली.

पुढे १९७२मध्ये पल्सर हे आकडे उजळणारे घड्याळ आले. किंमत २१०० डॉलर, पण कळ दाबल्याशिवाय ते साधी वेळही सांगत नसे. १९८३च्या सेको डेटा २००० मध्ये २००० अक्षरे मावत. तीही आपण काढू तेव्हाच दिसत.

वाचकहो, ही मंडळी विचारल्यावर बोलत. आमचे घड्याळ न विचारता बोलते. पण त्याला दोष कसा देऊ? बोलायची मुभा मीच दिली होती, आणि मान वळवली तीही मीच.

पोरगा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्याला वर्गातून बोलावून घेतले. घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकले आणि म्हटले, "हं, आता सांग." फीची सवलत, संध्याकाळचे काम, सगळ्याचा विचार झाला. किती वेळ बसलो होतो कोण जाणे. पाहायला मनगटावर काही नव्हते.